डिस्नी वर्ल्डला ऐन गर्दीत रूम कशी शोधायची: जर्सी वीकवाल्यांसाठी आणि बाकी सगळ्यांसाठी

न्यू जर्सीत ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना सांगायला नको, नोव्हेंबरच्या सुरुवातीला टीचर्स कन्व्हेन्शन असतं आणि गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. पुढेमागे एकेक दिवस सुट्टी टाकली की शनिवार-रविवार धरून सहा दिवस मोकळे मिळतात आणि आमच्या एडिसन भागातली निम्मी मंडळी तेव्हा ऑरलँडोला जायचं बघत असतात. डिस्नीच्या नेहमीच्या लोकांमध्ये या आठवड्याला नावच पडलंय, जर्सी वीक. थंडी सुरू व्हायच्या आत जाता येतं, फ्लोरिडात हवा छान असते, मॅजिक किंग्डममध्ये ख्रिसमसची सजावट लागायला सुरुवात झालेली असते, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात एकच आठवडा.

आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फोन सुरू होतात. अगं, सगळं फुल दाखवतंय, आई-बाबा पुण्याहून आलेत, तिकिटं काढून झालीत, आता काय करायचं? मी गेली काही वर्षं हे माझ्यासाठी आणि मैत्रिणींसाठी करत आलेय. एकदा सहा जणांसाठी, एकदा नऊ जणांसाठी, एकदा निघायच्या आठ दिवस आधी. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. ख्रिसमस, ईस्टर, थँक्सगिव्हिंग, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, कुठल्याही गर्दीच्या आठवड्याला हेच चालतं.

"रूम नाही" म्हणजे नक्की काय नाही

डिस्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं तेव्हा आवारात मोजकीच हॉटेलं होती. आज डिस्नीची स्वतःची २५ हून जास्त आहेत आणि काही तर गावाएवढी मोठी. पॉप सेंच्युरी एकट्यात २,८८० खोल्या, तिन्ही ऑल-स्टार मिळून ५ हजारांच्या वर, पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइडमध्ये २ हजारांवर. एवढ्या सगळ्या खोल्या एकाच वेळी, प्रत्येक रात्रीसाठी गेल्यात असं फार क्वचित होतं.

वेबसाइटवर तुम्ही ५ रात्री, ५ माणसं, अमुक हॉटेल असं टाकता तेव्हा तुम्ही विचारत असता की या पाचही रात्री एकाच प्रकारची, पाच जण मावतील अशी खोली सलग आहे का. त्यातली एक रात्र जरी गेलेली असली, समजा शुक्रवारची, तरी उत्तर येतं नाही. बाकीच्या चार रात्री मोकळ्या असतात पण त्या तुम्हाला दिसतच नाहीत. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच "फुल आहे" केसेसमध्ये अडलेली रात्र एक किंवा दोनच होती. पुढचं सगळं यावरच उभं आहे, की मागणीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा विचारायचा.

दुसरं एक. डिस्काउंटचा भाव फुल होणं आणि हॉटेल फुल होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफरमध्ये ठरावीक खोल्याच ठेवलेल्या असतात, त्या संपल्या तरी त्याच हॉटेलात नेहमीच्या भावाने खोली असू शकते. ऑफरच्या पानावरून आत गेला असाल आणि नाही आलं, तर ऑफर काढून साध्या पानावर परत बघा.

साइट उघडायच्या आधी कागद घ्या

खरंच कागद, किंवा एक्सेल. कुठल्या रात्री हव्यातच आणि कुठल्या पुढेमागे चालतील ते लिहा. बुधवारी रात्रीच्या विमानाने पोचणार असाल तर ती पहिली रात्र डिस्नीतच कशाला हवी, रात्री अकराला पोचून नुसतं झोपायचंय, एअरपोर्टजवळचं साधं हॉटेल घ्या आणि सकाळी तिकडे जा. एवढ्यावर शोध चार रात्रींचा होतो आणि पैसेही वाचतात.

मग माणसं, वयासकट. इथे आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो म्हणून नीट सांगते. व्हॅल्यू हॉटेलांच्या, म्हणजे पॉप सेंच्युरी, ऑल-स्टार अशा डिस्नीच्या सगळ्यात स्वस्त गटातल्या हॉटेलांच्या, साध्या खोलीत ४ जण, अधिक पाळण्यात झोपणारं ३ वर्षांखालचं एक बाळ. म्हणजे नवरा-बायको, दोन मुलं आणि दीड वर्षांचं पिल्लू असाल तर ४ जणांच्या खोलीत नियमाने बसता. पण पाचवं माणूस ३ वर्षांवरचं असेल तर व्हॅल्यूच्या साध्या खोल्या शोधातून एकदम गळतात आणि यादी रिकामी दिसते. पाच जणांना चालणाऱ्या खोल्या कॅरिबियन बीच आणि रिव्हरसाइड या मधल्या गटातल्या हॉटेलांत काही आहेत, तिथे पाचवा पलंग छोटा, भिंतीतून खाली येणारा असतो, लहान मुलासाठी ठीक, सासऱ्यांना त्यावर झोपवू नका. बऱ्याच डिलक्स, म्हणजे सगळ्यात महागड्या गटातल्या, हॉटेलांतही पाच जण चालतात. सहा जण असाल तर आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिकचे फॅमिली स्वीट, दोन बाथरूम आणि मायक्रोवेव्ह असलेले. मायक्रोवेव्ह हा आपल्या घरांत मोठाच मुद्दा, साध्या व्हॅल्यू खोलीत तो नसतो, छोटा फ्रिज असतो.

पण हे स्वीट गर्दीच्या आठवड्यात लवकर जातात. तेव्हा सहा जणांचा शोध बंद करून दोन खोल्या अशा शोधा, एक ४ जणांची आणि एक २ जणांची, किंवा ३ आणि ३. दोन व्हॅल्यू खोल्यांचा भाव पुष्कळदा एका स्वीटच्या आसपासच येतो, कधी कमीच. आई-बाबांची खोली शेजारी मिळावी ही विनंती बुकिंगवर लिहून घ्यायची आणि फोन करून परत सांगायची, मात्र ती विनंतीच असते हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. माणसं लपवून कमी दाखवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खोलीत किती जण राहू शकतात हा आगीच्या सुरक्षेचाही प्रश्न असतो, शिवाय ज्याचं नाव बुकिंगवर नाही त्याला हॉटेलचे फायदे मिळताना अडचण येते.

भावाचं एक, खोलीचा भाव दोन मोठ्यांसाठी धरलेला असतो आणि १८ वर्षांवरच्या तिसऱ्या-चौथ्या माणसामागे रोज थोडे जास्तीचे पैसे लागतात. आजी-आजोबा त्याच खोलीत असले तर हे धरून चला.

पहिला दिवस: आधी काहीतरी हातात घ्या

मनासारखं मिळेपर्यंत थांबू नका. जे मिळतंय त्यातलं, रद्द करता येईल असं, बऱ्यापैकी काहीही आधी बुक करून टाका. आवाराबाहेरचं चाललं, ऑल-स्टार चाललं, जास्तीचं महाग नसेल तर तेही. फक्त रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर अलार्मसकट टाका. भारतातून येणाऱ्यांसाठी तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण विमानाची तिकिटं बदलायला किती लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि हातात एक छप्पर असलं की डोकं शांत ठेवून शोधता येतं.

डिस्नीच्या बुकिंगचे दोन प्रकार समजून घ्या कारण पुढचं सगळं गणित त्यावर आहे. एक फक्त रूम. यात एका रात्रीचे पैसे डिपॉझिट म्हणून जातात, बाकीचे चेकइनला दिले तरी चालतात, आणि येण्याच्या आधी ५-६ दिवसांपर्यंत रद्द केलं तर डिपॉझिट परत. ऑनलाइन केलेलं असेल तर ६ दिवस धरा. दुसरं पॅकेज, म्हणजे रूम आणि पार्कची तिकिटं एकत्र. यात २०० डॉलर डिपॉझिट, पूर्ण पैसे येण्याच्या ३० दिवस आधी भरायचे, आणि ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर निदान २०० डॉलर जातात. तुमच्या कन्फर्मेशनवर जी तारीख आणि अटी छापल्यात त्याच शेवटी खऱ्या, त्या वाचा.

ज्यांना तारखांची खात्री नाही त्यांनी फक्त रूम घ्यावी आणि तिकिटं वेगळी घ्यावीत असं माझं मत आहे. सूट पॅकेजवरच असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून दोन्ही पानांवर भाव बघायचाच.

एकेका रात्रीचा तक्ता

आता मुख्य काम. यात एक तास जातो, रविवारी दुपारी चहा घेऊन बसा.

कागदावर आडव्या ओळीत रात्री लिहा, ५, ६, ७, ८, ९ नोव्हेंबर समजा. उभ्या ओळीत चालतील ती हॉटेलं. मग साइटवर फक्त एक रात्र टाका, ५ ला चेकइन ६ ला चेकआउट, आणि जी जी हॉटेलं दिसतात तिथे खूण करा, भाव लिहा. मग ६ ते ७. असं पाचही वेळा. काही ऑफरला कमीत कमी इतक्या रात्री अशी अट असते, तसं दिसलं तर ऑफर काढून दोन-दोन रात्री टाकून बघा.

तक्ता भरला की चित्र लगेच दिसतं. मागे एकदा मैत्रिणीसाठी असाच केला होता, पाच रात्रींसाठी आवारात तिच्या बजेटात एकही हॉटेल दाखवत नव्हतं, तक्त्यात दिसलं की पॉप सेंच्युरी पहिल्या तीन रात्री आहे आणि कॅरिबियन बीच शेवटच्या तीन. तिने तीन रात्री इकडे आणि दोन तिकडे केल्या. दोन्ही हॉटेलं स्कायलायनरवर, म्हणजे त्या केबल कारवर, त्यामुळे मुलांना तर हॉटेल बदलणं हीच एक मजा वाटली. सामान हलवायची भीती वाटत असेल तर सांगते, डिस्नीच्या एका हॉटेलातून दुसऱ्यात जाताना बॅगा सकाळी बेल सर्व्हिसला द्यायच्या, ते लोक नेऊन ठेवतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि तुम्ही सरळ पार्कात जायचं. एवढंच, की औषधं, पासपोर्ट, मुलांचे कपड्यांचे एक-दोन जोड आणि फ्रिजमधलं सामान आपल्या हाताशी ठेवायचं, कारण बॅगा पोचायला दुपार होते.

एकाच हॉटेलात दोन प्रकारच्या खोल्या जोडूनही पाच रात्री होतात, तीन रात्री साधी आणि दोन रात्री जरा मोक्याच्या जागेची प्रिफर्ड. अशा वेळी दोन बुकिंग केल्यावर फोन करून ती एकमेकांना जोडून घ्या आणि एकाच खोलीत राहू देता येईल का ते विचारा. नाही म्हणाले तर खोली बदलायची तयारी ठेवा.

एक गेलं तर त्याच्या शेजारचं कोणतं

लोक एका हॉटेलचं नाव डोक्यात घेऊन बसतात, त्यापेक्षा त्या हॉटेलात तुम्हाला नक्की काय आवडलं होतं ते धरा.

पॉप सेंच्युरी हवं होतं ते स्कायलायनरसाठी, तर तळ्याच्या पलीकडे आर्ट ऑफ ॲनिमेशन आहे, पुलावरून चालत जाता येतं आणि स्कायलायनरचं स्टेशन दोघांचं एकच. स्कायलायनर २०१९ मध्ये सुरू झाली, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना जाते, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएराही तिच्यावरच आहेत. फक्त वीज कडाडायला लागली की ती थांबवतात, तेव्हा बस.

पोर्ट ऑर्लिन्स फ्रेंच क्वार्टर सगळ्यांना आवडतं कारण ते छोटं आणि शांत आहे, पण छोटं म्हणजे सुमारे हजारच खोल्या, आधी संपणार. रिव्हरसाइड त्याच नदीकाठी, चालत जाण्याच्या अंतरावर, आणि दुप्पट मोठं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर रिव्हरसाइडला लांब लांब चालावं लागतं, मुख्य इमारतीजवळची खोली मागून घ्या.

कोरोनाडो स्प्रिंग्ज हे कॉन्फरन्सवाल्यांचंही हॉटेल आहे. मोठी परिषद असली की आठवड्याचे मधले दिवस जातात आणि शनिवार-रविवार मोकळे मिळतात, सुट्टीवाल्यांचं नेमकं उलट, म्हणून तक्त्यात त्याची ओळ ठेवाच. ऑल-स्टारचं असं की खेळाच्या आणि चीअरलीडिंगच्या स्पर्धांसाठी येणारे मुलांचे मोठे ग्रूप तिथे उतरतात, तेव्हा तिन्ही हॉटेलं एकदम भरलेली वाटतात. ग्रूपसाठी धरून ठेवलेल्या खोल्या लागल्या नाहीत की परत विक्रीला येतात, त्यामुळे ऑल-स्टार एकदा नाही दिसलं म्हणून यादीतून काढू नका.

खोलीचे प्रकारही सगळे उघडून बघा. साधी गेली असेल पण पूल व्ह्यू असेल, रात्रीमागे थोडे डॉलर जास्त. व्हीलचेअरवाल्यांसाठीच्या खोल्या मात्र ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी सोडा. आणि आजीला खरंच गुडघ्यांमुळे तशी बाथरूम लागत असेल तर संकोच न करता फोनवर मागा, त्या खोल्या वेगळ्या ठेवलेल्या असतात.

खोल्या परत कधी येतात

वर सांगितलेल्या रद्द करायच्या अटी आठवा. पॅकेजवाल्यांना ३० दिवस आधी पूर्ण पैसे भरायचे असतात, म्हणजे ज्यांची दोन-दोन बुकिंग आहेत, ज्यांचं जमत नाहीये, ते सगळे त्या सुमारास सोडतात. फक्त रूमवाले ५-६ दिवस आधी सोडतात. म्हणून खोल्या परत यायच्या दोन लाटा असतात.

आता यात लोक एक चूक करतात, आपल्या चेकइनपासून ३० दिवस मोजतात आणि त्याच एका दिवशी बघतात. पण तुमच्या रात्री अडवून बसलेली माणसं तुमच्याच दिवशी येणार असतात असं थोडंच आहे. तुम्हाला ५ ते १० नोव्हेंबर हवंय, तर १ तारखेला येऊन ७ पर्यंत राहणारा माणूस पण तुमच्या रात्री धरून आहे आणि ९ ला येणारा पण. १ तारखेवाल्याचे ३० दिवस २ ऑक्टोबरला येतात, ९ वाल्याचे १० ऑक्टोबरला. म्हणजे पहिली लाट साधारण २ ते १० ऑक्टोबर. दुसरी तशीच, २६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, आणि ५ ला निघायचं असेल तर त्यातला शेवटचा भाग अगदी तोंडावर येतो. या दोन पट्ट्यांत रोज सकाळी आणि रोज रात्री एकदा बघायचं, पाच मिनिटं. मधल्या दिवसांत दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे.

ही दुसरी लाट मला जास्त भरवशाची वाटते, कारण फक्त रूम बुक करून ठेवून शेवटी सोडणारे पुष्कळ असतात. पण तिच्यासाठी हातातलं पहिलं बुकिंग तोपर्यंत रद्द करता येण्यासारखं हवं. बाहेरच्या हॉटेलची शेवटची तारीख आणि ही लाट एकमेकांवर येतायत का ते आधीच बघा.

वादळाच्या दिवसांत अजून एक. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, आणि तुमच्या येण्याच्या ७ दिवसांच्या आत ऑरलँडोला किंवा तुम्ही राहता त्या भागाला चक्रीवादळाची वॉर्निंग निघाली तर डिस्नी स्वतःचे रद्द करायचे चार्जेस न घेता तारखा बदलू देते. ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तेव्हा गर्दी कमी असते आणि खोल्याही मिळतात, पण उकाडा आणि पाऊस असतो, लहान मुलं आणि सत्तरीचे आजोबा घेऊन मी स्वतः तेव्हा जाणार नाही.

आधी नवीन घ्या, मग जुनं सोडा

हे मी ठळक लिहितेय कारण माझ्याच हातून एकदा झालंय. चार रात्रींचं बुकिंग होतं, पाचवी दिसली म्हणून तेच बुकिंग उघडून तारखा बदलायला गेले, मधेच भाव बदलला, खोलीचा प्रकार बदलला आणि मला वाटलं जुनं तसंच राहिलंय. राहिलं नव्हतं. त्या रात्री घरी कोणाशी धड बोलले नाही.

त्यामुळे आता माझा नियम असा, मिळालेल्या बुकिंगला हात लावायचा नाही. नवी पाचवी रात्र वेगळं बुकिंग म्हणून घ्यायची, कन्फर्मेशन नंबर ईमेलमध्ये आला की मग फोन करून दोन्ही एकत्र करता येतात का विचारायचं. पूर्ण नवीन चांगलं बुकिंग मिळालं तर ते हातात आल्यावरच जुनं रद्द, आणि रद्द केल्याचा नंबरही जपून ठेवायचा. दोन डिपॉझिट थोडे दिवस कार्डावर अडकतात, अडकू देत.

फोन, एजंट आणि बाकीची दुकानं

फोनवरच्या माणसाला साधारण तुम्हाला दिसतं तेच दिसतं, पण दोन हॉटेलं जोडणं, खोल्यांचे प्रकार पटापट बघणं, पाच-सहा माणसांची विभागणी हे ते लोक भराभर करतात. तक्ता समोर ठेवूनच फोन करा, "७ ची रात्र अडतेय, बाकी चार आहेत" असं नेमकं सांगितलं की काम होतं.

डिस्नीचं बुकिंग करणारे ट्रॅव्हल एजंट असतात, त्यांना कमिशन डिस्नीकडून मिळतं त्यामुळे बऱ्याच जणांचे तुमच्याकडून वेगळे पैसे लागत नाहीत. चांगला एजंट तुमच्यासाठी रोज बघतो आणि सूट निघाली तर लावून देतो. विचारताना एवढंच विचारा, की तुम्ही फी घेता का आणि रद्द करायच्या अटी डिस्नीच्याच का तुमच्या वेगळ्या.

कॉस्टको ट्रॅव्हल, एक्सपीडिया, प्राइसलाइन यांच्याकडेही डिस्नीच्या आवारातली हॉटेलं मिळतात आणि डिस्नीच्या पानावर नसलेली रात्र कधी कधी तिथे सापडते. भाव बघायच्या आधी त्यांच्या रद्द करायच्या अटी बघा, त्या निराळ्या असतात, आणि तिथून घेतलेलं बुकिंग बदलायचं असेल तर डिस्नीला फोन करून उपयोग नाही, त्यांच्याकडेच जावं लागतं.

आवारातलीच पण डिस्नी चालवत नाही अशी हॉटेलं

हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. स्वान, डॉल्फिन आणि स्वान रिझर्व्ह ही तीन हॉटेलं एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजच्या मधे, दोन्हीकडे चालत जाता येतं, आणि ती मॅरियटकडे आहेत. त्यांच्या खोल्या मॅरियटच्या साइटवर दिसतात, पॉइंट्सवरही मिळतात, आणि आपल्या आयटीवाल्या घरांत कोणा ना कोणाकडे कामाच्या प्रवासाचे मॅरियट पॉइंट्स पडून असतातच. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत रिसॉर्ट फी नसते, इथे ती आणि पार्किंग वेगळं लागतं, तेवढं बेरजेत धरा.

डिस्नी स्प्रिंग्जला लागून हिल्टन, डबलट्री, ड्रुरी वगैरेंची रांग आहे. भाव बरे, खोल्या भरपूर, ड्रुरीत सकाळचा नाश्ता धरलेला. यातल्या हॉटेलांना पार्कात अर्धा तास आधी आत सोडण्याचा फायदाही मिळत आलाय, फक्त तुमच्या तारखांना तो आहे का ते बुक करताना बघून घ्या. बसची सोय मात्र डिस्नीच्या हॉटेलांएवढी सुटसुटीत नाही.

पॉइंट्स भाड्याने घेणं

डिस्नी व्हेकेशन क्लब नावाची टाइमशेअरसारखी योजना १९९१ पासून आहे. मेंबरांना दरवर्षी पॉइंट्स मिळतात, ते स्वतःच्या हॉटेलात ११ महिने आधी आणि बाकीच्यांत ७ महिने आधी बुक करू शकतात, आणि ज्यांना जायचं नसतं ते पॉइंट्स भाड्याने देतात. आठ-नऊ जणांचं कुटुंब असेल तर दोन बेडरूमचा व्हिला मिळतो, पूर्ण किचन, वॉशिंग मशीन, हॉल. सासूबाईंना सकाळी स्वतःच्या हाताचा चहा आणि पोहे करता आले की पुढचा दिवस किती सोपा जातो ते मी अनुभवलंय. ग्रोसरी मागवता येते आणि ऑरलँडोत इंडियन दुकानंही आहेत.

वर्षभर आधी ठरत असेल तर ११ महिन्यांचा दिवस धरून मेंबराकडून हवं ते बुक करून घ्या. उशीर झाला असेल तर तयार बुकिंगच्या याद्या बघा, मेंबराने आधीच केलेलं आणि आता जमत नाही म्हणून विकायला काढलेलं. तारखा हलत नाहीत पण तुमच्याशी जुळल्या तर डिलक्स हॉटेल पानावरच्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडतं. यात पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत, त्यामुळे व्हिसा आलेला नाही, बाबांचं ऑपरेशन ठरायचंय, अशा वेळी हा मार्ग नको. ओळख नसलेल्या माणसाला सोशल मीडियावरून थेट पैसे पाठवू नका, जुनी नावाजलेली रेंटल कंपनी आणि लेखी करार असू दे.

मिळाल्यावर लगेच काय

बुकिंग डिस्नीच्या ॲपमध्ये जोडा, कारण बाकीच्या तारखा तिथून चालतात. रेस्टॉरंटचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि हॉटेलात राहणाऱ्यांना चेकइनपासून पुढच्या १० दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं. शाकाहारी मंडळींनी ॲनिमल किंग्डम लॉजमधलं सना बघा, नान आणि चटण्यांचं मोठं ताट मिळतं, खिडकीबाहेर जिराफ, आणि त्या हॉटेलात राहत नसलात तरी जाता येतं. लाइटनिंग लेनची, म्हणजे पैसे भरून राइडच्या छोट्या रांगेतून जायच्या सोयीची, निवड हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी, बाहेरच्यांना ३ दिवस आधी. शेवटच्या लाटेत रूम मिळाली असेल तर ही ७ दिवसांची वेळ आधीच उलटून गेलेली असते, म्हणून कन्फर्मेशन ॲपमध्ये दिसलं की त्याच मिनिटाला जाऊन निवडा.

बिलावर १२.५ टक्के टॅक्स लागतो, ऑल-स्टारला एक टक्का जास्त कारण ती दुसऱ्या काउंटीत येतात. चेकइन दुपारी ३ ला, व्हिला असेल तर ४ ला, पण त्या दिवशी सकाळपासूनच पार्कात जाता येतं, बॅगा हॉटेलात ठेवून. आणि हातातलं ते पहिलं, बाहेरच्या हॉटेलचं बुकिंग आठवणीने रद्द करा, तुमच्यासारखंच कोणीतरी त्या रात्री तिकडे शोधत बसलेलं असतं.